रक्तदाब ठीक, ड्रेसिंग कोरडे, तरीही शॉक. आणि सातव्या दिवशी टाक्यांतून गुलाबी पाणी

प्रश्न : जी.एन.एम. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

सर्व ज्येष्ठ परिचारिकांना नमस्कार. सध्या माझी नेमणूक पुरुष शल्यकक्षात आहे. एका रुग्णाच्या बाबतीत माझ्या हातून जे निसटले ते आठवडाभर मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडून पोटाला जबर मार बसलेला, साधारण पंचेचाळीस वर्षांचा आणि ६० किलो वजनाचा शेतकरी होता. संध्याकाळी पोट उघडून फाटलेले आतडे शिवले आणि रात्री नऊच्या सुमारास त्याला कक्षात आणले. मी दर तासाला नोंदी घेत होते. दहा वाजता नाडी ९२ आणि रक्तदाब १२४/७६, अकराला नाडी १०४ आणि दाब ११८/८४, बाराला नाडी ११८ आणि दाब ११२/८८ अशा त्या होत्या. तासाची लघवी अनुक्रमे ४५, २५ आणि १० मिली झाली. ड्रेसिंग कोरडे होते, ड्रेनच्या (पोटात साचलेले बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत जेमतेम ३० मिली रक्त होते. रुग्ण सारखा पाणी मागत होता, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत होता आणि ‘मला उठून बसवा, जीव घाबरतोय’ असे म्हणत होता. दाब शंभराच्या वर आहे, ड्रेसिंग कोरडे आहे, तेव्हा हे दुखण्यामुळे होत असावे असे मी समजले आणि त्याच्या भावाला जवळ बसवून दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी दाब ८०/५८ झाला. रात्रपाळीच्या सिस्टर धावत आल्या, पोटाला हात लावताच त्यांनी डॉक्टरांना बोलावले आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले. आतड्याच्या पडद्यातील एका रक्तवाहिनीची गाठ सुटली होती आणि ड्रेनच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. रुग्ण वाचला.

त्यालाच आज सातवा दिवस आहे. काल संध्याकाळपासून टाक्यांवरचा गॉज गुलाबीसर पाण्याने भिजतो आहे. ताप नाही, पू नाही, वास नाही. मी गॉज बदलला आणि निवासी डॉक्टरांना सांगितले. उद्याच्या राऊंडला बघू असे ते म्हणाले.

माझे प्रश्न दोन आहेत. दाब चांगला असताना शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे, ओळखायचा कसा? आणि ज्याला शॉक येऊन गेला आहे त्याच्या जखमेची काळजी इतर रुग्णांपेक्षा वेगळी घ्यायची असते का? आमच्या पुस्तकात जखम भरण्याचा धडा एकीकडे आणि शॉकचा धडा दुसरीकडे आहे. दोन्ही पाठ आहेत, पण एकाच खाटेवर ते एकत्र आले तेव्हा मला काही सुचले नाही.

उत्तर : पाठ्यनिर्देशिका, परिचर्या प्रशिक्षण

बाकीचे नंतर लिहीन. आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि तुमच्या परिसेविकेला आत्ताच्या आत्ता सांगा की सातव्या दिवशी पोटाच्या टाक्यांतून गुलाबी, पातळ, रक्तमिश्रित पाणी वाढत्या प्रमाणात येत आहे. त्यांनी थेट शल्यचिकित्सकांना कळवावे, उद्याच्या राऊंडची वाट पाहू नये. वरची त्वचा शिवलेली दिसत असली तरी खालचा मजबूत थर उसवू लागल्याची ही खूण असते. पोट उसवते ते बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, आणि त्याआधी एक-दोन दिवस असेच पाणी येते.

तोपर्यंत रुग्णाला उशाकडून थोडे उंच, साधारण पंधरा-वीस अंशांवर, गुडघे वाकवून झोपवा म्हणजे पोटावरचा ताण कमी होईल. तोंडाने काही देऊ नका. खोकला आला तर उशी पोटाशी धरून खोकायला सांगा. निर्जंतुक मोठे गॉज आणि नॉर्मल सलाईनची बाटली खाटेजवळ तयार ठेवा. आतडे बाहेर आलेच तर ते हाताने आत ढकलायचे नाही. सलाईनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक पॅडने झाकायचे, पॅड वाळू द्यायचे नाही, नाडी-दाब घेत राहायचे आणि खाट सोडून जायचे नाही. मदतीला दुसऱ्या कोणाला पाठवायचे.

उत्तर : निवृत्त परिसेविका, शल्यकक्ष

माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते. आधी हे ध्यानात घे की तुझ्या नोंदी चुकलेल्या नाहीत. तू वेळच्या वेळी आकडे लिहिलेस म्हणून आज आपल्याला ते वाचता येत आहेत. वाचताना तू एकेक आकडा सुटा पाहिलास, एकाखाली एक ठेवून पाहिला नाहीस, एवढेच.

आता तेच आकडे पुन्हा बघ. वरचा दाब १२४ वरून ११८ आणि मग ११२ झाला. यावरून कोणीही घाबरणार नाही. पण खालचा दाब ७६, ८४, ८८ असा चढत गेला. दोघांमधले अंतर दहा वाजता ४८ होते, अकराला ३४ आणि बाराला २४ उरले. शरीरातून रक्त कमी होऊ लागले की हृदय जोरात धावते आणि हातापायांच्या, कातडीच्या, आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जेणेकरून उरलेले रक्त मेंदू आणि हृदयाकडे जावे. वाहिन्या आवळल्या की खालचा दाब वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त मात्र कमी झालेले असते, म्हणून वरचा दाब हळूहळू उतरतो. दोन आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागले की शरीर स्वतःची शिल्लक मोडून चालवत आहे असे समज.

दुसरा हिशेब याहून सोपा आहे. नाडीला वरच्या दाबाने भाग. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येते. तुझ्या रुग्णाचे दहा वाजता ०.७४, अकराला ०.८८ आणि बाराला १.०५ आले. ०.९ च्या वर गेले की मी तरी फोन उचलते. नाडीचा आकडा दाबाच्या आकड्याला ओलांडून पुढे गेला, तर कागदावर भागाकार करायचीही गरज उरत नाही.

तुझ्या रुग्णाच्या अंगात चार लिटरच्या आसपास रक्त असणार. सर्वसाधारणपणे त्यातले तीस टक्के, म्हणजे जवळजवळ सव्वा लिटर जाईपर्यंत, वरचा दाब पडत नाही. तरुण आणि काटक माणसात तर तो शेवटपर्यंत तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. बारा वाजता ११२ आणि चाळीस मिनिटांनी ८०, असे झाले ते यामुळेच. दाब पडणे ही शॉकची सुरुवात नव्हे. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

लघवीचे बोलायचे तर ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली व्हायला हवी, कारण हिशेब किलोमागे अर्धा मिलीचा आहे. ४५ वरून २५ आणि २५ वरून १० झाली, तेव्हा मूत्रपिंडांनी रक्त मिळत नसल्याचे सांगितले होते. मात्र आकडा लिहिण्यापूर्वी कॅथेटरची नळी मुडपली नाही ना, पिशवी खाटेच्या दांड्यात अडकली नाही ना, हे एकदा बघत जा.

आणि ते ‘पाणी द्या, मला बसवा, जीव घाबरतोय’. मी पस्तीस वर्षे शल्यकक्षात काढली आणि हे वाक्य ज्या ज्या रात्री ऐकले त्या त्या रात्री अंगावर काटा आला. पोटावरची जखम दुखत असली की रुग्ण निपचित पडून राहतो, हलायला तयार नसतो. मेंदूला रक्त कमी पडले की तो तळमळतो, मास्क ओढतो, चादर फेकतो, ‘सिस्टर, मी वाचणार ना?’ असे विचारतो. अशा माणसाला गप्प राहा असे सांगण्याआधी त्याच्या हाताला हात लाव. तळवा थंड आणि घामाने चिकट लागतो का, गुडघ्याखालचा पाय वरच्या मांडीपेक्षा गार लागतो का ते पाहा. नखावर पाच सेकंद दाबून सोड आणि पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोज. दोन सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. ऑक्सिजनच्या क्लिपवर आकडा येत नसेल तर क्लिप बदलण्यापूर्वी ते बोट गार आहे का ते बघ.

कोरड्या ड्रेसिंगने मीही एकदा फसले आहे. पोटातले रक्तस्राव ड्रेसिंगवर दिसलेच पाहिजेत असे नाही, आणि ड्रेनमध्ये काही येत नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. गुठळी अडकली तर पिशवी रिकामीच राहते. पोट फुगले का, ताठ लागते का ते पाहायचे. जखम बाहेरून वाहत असेल तर रुग्णाच्या कुशीखाली हात घालून बघायचे, कारण रक्त उताराने पाठीखाली जाते आणि वरचा गॉज पांढराशुभ्र राहतो. ड्रेसिंग भिजले तर पहिला थर ओढून काढायचा नाही, त्यावर दुसरा ठेवून दाब द्यायचा आणि डागाच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहायची. अर्ध्या तासाने डाग रेघेच्या बाहेर गेला की बोलायला पुरावा हाती असतो.

डॉक्टरांना फोन करताना ‘पेशंट अस्वस्थ आहे, दाब ११२ आहे’ असे सांगितलेस तर ते झोपेतून ‘बघत राहा’ असेच म्हणणार. त्याऐवजी सांगायचे, ‘खाट क्रमांक अमुक, आज संध्याकाळी आतडे शिवलेला रुग्ण. दोन तासांत नाडी ९२ वरून ११८, दोन दाबांतले अंतर ४८ वरून २४, लघवी तासाला १० मिली, हातपाय गार, तळमळतो आहे. मला आतून रक्तस्राव वाटतो, तुम्ही आत्ता या.’ डॉक्टर येईपर्यंत तुझे हात मोकळे नसतातच. ऑक्सिजन वाढवायचा, हिरवी किंवा राखाडी अशी जाड सुई दोन्ही हातांत लावायची, कारण निळ्या सुईतून कितीही घाई केली तरी सलाईन थेंबथेंबच जाते. सुई लावतानाच रक्तगट आणि जुळणीसाठी नमुना काढून पाठवायचा. आदेशाप्रमाणे आर.एल. (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) चालू करायचे. रक्ताची पिशवी आली की मात्र त्याच नळीतून आर.एल. देऊ नये, त्यात कॅल्शियम असते आणि पिशवीतले रक्त त्याने साकळू शकते, म्हणून रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाईन. पिशवीवरचे नाव, गट आणि क्रमांक दोघींनी मिळून वाचायचे आणि पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नाही.

अंग उबदार ठेवायचे म्हणजे कोरडी चादर आणि घोंगडी घालायची, शक्य असेल तिथे कोमट केलेले सलाईन द्यायचे. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही आणि रक्तस्राव थांबता थांबत नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. कातडीच्या वाहिन्या रुंदावून मेंदूकडे चाललेले रक्त तिकडे वळते आणि बधिर पायाला भाजते ते वेगळेच. आमच्या काळी खाटेच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे लावून डोके खाली करायची पद्धत होती. मीही ती वर्षानुवर्षे केली, पण आता ती सुचवत नाहीत, कारण पोटातले अवयव छातीच्या पडद्यावर दाबले जातात आणि श्वास अडतो. उताणे झोपवून फक्त पाय उचलले तरी पुरते, तेही रक्त किंवा पाणी कमी पडल्याच्या शॉकमध्ये.

प्रश्नकर्ती विद्यार्थिनी

मॅडम, तुमचे उत्तर वाचले त्याच वेळी परिसेविकांना सांगितले. त्यांनी सर्जन सरांना फोन केला आणि ते तासाभरात आले. दोन टाके काढून पाहिले तर आतला थर तीन-चार इंच उसवलेला होता. रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन शिवले आहे. आतडे बाहेर आले नाही.

ताई, मी तुमचे उत्तर वहीत उतरवून घेतले. त्या रात्री मी त्याच्या हाताला हात लावलाच नव्हता. नाडीही यंत्रावर पाहिली होती.

आता मला हे समजून घ्यायचे आहे की टाके उसवण्याचा त्या रात्रीच्या शॉकशी संबंध आहे का, आणि या वेळी जखम नीट भरावी म्हणून मी काय करू शकते?

उत्तर : पाठ्यनिर्देशिका, परिचर्या प्रशिक्षण

तुम्ही वेळेवर बोललात. आतडे बाहेर आले नाही याचे मोठे समाधान वाटते.

संबंध आहे. दोन धडे वेगळे छापले असले तरी दोन्हींमध्ये गोष्ट एकच आहे : ऊतीपर्यंत रक्तातून प्राणवायू पोहोचतो की नाही. जखम झाल्याबरोबर रक्त गोठते. त्यानंतरचे तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी मेलेले तुकडे आणि जंतू साफ करतात, म्हणून कडा लालसर, उबदार आणि किंचित सुजलेल्या असतात. चौथ्या दिवसापासून नवीन केशवाहिन्या आणि कोलॅजनचे धागे तयार होऊ लागतात, हे काम तीन आठवडे जोरात चालते. नंतर त्या धाग्यांची पक्की वीण बसायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. यातले प्रत्येक काम प्राणवायूवर चालते. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या प्राणवायूपासून बनवलेल्या तीव्र रसायनांनी. कोलॅजनचा धागा पिळदार व्हायचा तर प्राणवायू, क जीवनसत्त्व आणि लोह ही तिन्ही लागतात. तुमच्या रुग्णाचे शरीर त्या रात्री कातडी, स्नायू आणि आतडी यांचे रक्त तोडून मेंदूला देत होते, म्हणजे जखमेच्या कडा सर्वांत आधी उपाशी राहिल्या. पुढे दुसऱ्यांदा पोट उघडले, रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरले, चार-पाच दिवस तोंडाने काही नाही. अशा माणसाच्या टाक्यांवर पहिल्या दिवसापासून जास्त लक्ष ठेवायला हवे होते, आणि ही जबाबदारी एकट्या विद्यार्थिनीची नाही, संपूर्ण कक्षाची आहे.

मजबुतीबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. शिवलेल्या कातडीत पहिल्या आठवड्याअखेर मूळच्या बळाच्या दहा टक्केही बळ नसते, तीन आठवड्यांनी पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत येते आणि पूर्ण पिकल्यावरही ते ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. बाहेरून जखम जुळलेली दिसते तेव्हा ती जवळजवळ सगळी दोऱ्याच्याच आधारावर असते. म्हणून खोकला, उचकी, बद्धकोष्ठ, पोट फुगणे यांची दखल घ्यायची आणि खाटेवरून उठवताना कुशीवर वळवून हाताच्या आधाराने उठवायचे.

शिवलेली स्वच्छ जखम पहिले ४८ तास, भिजल्याशिवाय, उघडू नये. कडांवर नवीन पातळ कातडी एवढ्या वेळात सांधली जाते. रोज सकाळी ट्रॉली आली म्हणून सर्वांची ड्रेसिंग उघडण्याची सवय मला अनेक ठिकाणी दिसते, आणि तिचा मला मनापासून विरोध आहे. उघडाल तेव्हा टाक्यांची रेघ आधी, वरून खाली, एका गॉजने एकदाच पुसायची. मग बाजूची कातडी. तोच गॉज परत फिरवायचा नाही. पू असलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग फेरीच्या शेवटी ठेवायचे.

उघड्या, तळापासून भरून येणाऱ्या जखमेत तळाचा रंग पाहायचा. ओलसर, तांबडालाल, दाणेदार आणि गॉज लागताच ठिपक्यासारखे रक्त येणारा तळ चांगला. फिकट, निस्तेज तळ म्हणजे रक्तपुरवठा कमी आहे किंवा जंतू वाढत आहेत. पिवळा चिकट थर आणि काळी कडक खपली म्हणजे मृत ऊती. ती निघाल्याशिवाय खालून भर येत नाही. हा लाल तळ स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज धुणे म्हणजे नुकतीच उगवलेली रोपे खुरपून काढणे आहे. नॉर्मल सलाईन पुरते. जखम वाळली की लवकर भरते हा समजही सोडायला हवा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवरील प्रयोगांतून दाखवले की ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवीन कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते. आजची ओलावा राखणारी सर्व ड्रेसिंग त्यातूनच आली. तळाला चिकटून वाळलेला गॉज ओढून काढू नका, आधी सलाईनने भिजवून दोन मिनिटे थांबा. रुग्णाचा चेहराच तुम्हाला फरक सांगेल.

उत्तर : अधिपरिचारक, ग्रामीण रुग्णालय, रायगड जिल्हा

वरील सर्व उत्तरे वाचून फार बरे वाटले. थोडी भर घालतो, कारण आमच्याकडे रक्तस्रावाशिवायचे शॉक अधिक येतात आणि ‘दाब कमी, सलाईन सोडा’ एवढेच डोक्यात असेल तर त्यांत घात होतो.

जखमेशी सर्वांत जवळचा शॉक जंतुसंसर्गाचा. मधुमेही माणूस पायाच्या चिघळलेल्या जखमेसह येतो, हात गरम असतात, नाडी उड्या मारत असते आणि दोन दाबांतले अंतर वर सांगितल्याच्या उलट रुंद असते, कारण येथे वाहिन्या सैल पडलेल्या असतात. हात गरम आहेत म्हणून शॉक नाही असे समजू नये. श्वास मिनिटाला बावीसच्या वर जाणे आणि बोलण्यात गोंधळ होणे या दोन गोष्टी मी आधी पाहतो, आणि ताप नसून अंग गार पडले असेल तर अधिक घाबरतो. रक्ताचे कल्चर काढून प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे. तो औषधभांडारातून येईपर्यंत मीच खिडकीशी उभा राहतो. जखम बाहेरून लहान दिसत असताना रुग्ण वेदनेने विव्हळत असेल, कातडी दाबल्यावर कुरकुर लागत असेल किंवा धुवणासारखे मळकट पाणी येत असेल तर आतल्या आत ऊती सडत आहेत. त्यासाठी रात्रीच सर्जन उठवावा लागतो.

प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिल्यावर मिनिटांत खाज, अंगावर गांधी उठणे, घरघर आणि दाब कोसळणे असे झाले तर औषध थांबवून ॲड्रिनॅलिन, प्रौढाला अर्धा मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. आमच्या ट्रॉलीत ते सर्वांत वरच्या कप्प्यात असते आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मी ते स्वतः पाहतो. नारळाच्या झाडावरून पडून मणक्याला इजा झालेल्या माणसाचा दाब कमी, पण नाडी संथ आणि अंग उबदार असते. त्याला पाय उचलून हलवाहलव करायची नाही. हृदय कमकुवत होऊन आलेल्या शॉकमध्ये मानेच्या शिरा फुगतात, झोपवले की दम लागतो, तेथे सलाईनच्या बाटल्या घातक ठरतात. आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढू दिली जात नाही, त्यामुळे वयस्कर रुग्णाची नाडी ८० आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

कोकणातला म्हणून विंचवाचे लिहिल्याशिवाय राहवत नाही. लाल विंचू चावला की घाम, उलट्या, थंडगार हातपाय हे सारे रक्तस्रावाच्या शॉकसारखेच दिसते. प्रत्यक्षात विषामुळे वाहिन्या आवळून हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी येथल्याच रुग्णांवर काम करून १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपचार जगापुढे आणला आणि मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी दिल्यावर आमचे काम असते रुग्णाला पडून ठेवण्याचे, उठून बसवायचे नाही, आईच्या कडेवर मूल उभे धरू द्यायचे नाही, कारण दाब एकदम उतरतो. हातपाय उबदार होऊ लागले की गोळी लागू पडली.

प्रश्नकर्ती विद्यार्थिनी

खूप आभारी आहे. एक शेवटचे विचारते. रुग्णाला कालपासून मऊ आहार सुरू झाला आहे, पण त्याची आई भात आणि डाळ देऊ देत नाही. भाताने टाक्यांत पू होतो आणि आंबट खाल्ल्याने जखम पिकते असे त्या म्हणतात. त्या चहा आणि बिस्किटेच देतात. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : निवृत्त परिसेविका, शल्यकक्ष

त्यांच्याशी वाद घालू नकोस. मुलाने तीनदा ऑपरेशन काढले आहे आणि त्या माऊलीच्या हातात जपण्यासारखे तेवढेच आहे. शेतकऱ्याच्या घरच्या आहेत, तर त्यांना असे सांग की पिकाला पाणी आहे पण खत नाही अशी गत झाली आहे; पू होतो तो जंतूंमुळे आणि साखर वाढल्यामुळे, भातामुळे नाही.

जखम भरायला किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुझ्या रुग्णाला ७५ ते ९० ग्रॅम. चहा-बिस्किटांत त्यातले पाच-सहाही होत नाहीत. सर्जनांनी परवानगी दिली आहे तेवढ्यातच सुरुवात कर : मऊ भाताबरोबर घट्ट वरण, दोन वेळा दूध किंवा ताज्या दह्याचे ताक, चालत असेल तर उकडलेले अंडे, ज्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. आतडे शिवलेले आहे, तेव्हा पोट फुगते का, वारा सरतो का हे विचारत जा. आंबटाची भीती असेल तर लिंबाचा आग्रह धरू नकोस, पण पेरूचा गर किंवा आवळ्याचा मुरंबा घरातून आणायला सांग. आवळ्याला त्या नाही म्हणणार नाहीत. तो तंबाखू खात किंवा बिडी ओढत असेल तर तेही आईच्या देखतच बोल, कारण बिडीने वाहिन्या आवळतात आणि त्या जखमेचे रक्त पुन्हा तुटते.

आणि उद्या ड्रेसिंग करशील तेव्हा आईला मागे उभी करून टाक्यांची रेघ दाखव. कोरडी आणि स्वच्छ दिसली की त्या स्वतःच विचारतील, आता काय देऊ. नोंदवहीत मात्र ‘ड्रेसिंग केले’ एवढेच लिहू नकोस. रेघ किती इंच, कडा जुळलेल्या की नाही, स्राव किती आणि कोणत्या रंगाचा, सकाळी किती गॉज भिजले आणि काल किती भिजले होते, हे लिही, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला तुझ्या आकड्याखाली तिचा आकडा ठेवता येईल.